कड्याच्या पोटात वीजघर बांधताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सह्याद्रीतील उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या नियंत्रण-इमारतीची तू पाठवलेली रेखाटने बारकाईने पाहिली. काळ्या दगडाच्या भिंती, छतावर गवत, डोंगराच्या सोंडेला धरून वळणारी गच्ची, हे सारे नेटके आहे. मात्र इमारत नजरेआड झाली की डोंगर वाचला, असे तू गृहीत धरलेले दिसते आणि तिथेच माझी हरकत आहे.

घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प अभ्यासायला घे. २००८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे वरचे धरण प्रवरेच्या खोऱ्यात आहे, खालचे कोकणात चोंढ्याजवळ, आणि दोहोंच्या मधल्या कातळात, जमिनीखाली, वीजघर आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, एवढेच त्याचे काम. असे वीजघर डोळ्यांना खुपत नाही. पण त्याच्या गुहेतून आणि बोगद्यांतून निघालेला बेसॉल्ट फुटल्यावर मूळ आकारमानाच्या सुमारे दीडपट होतो आणि तो कुठेतरी टाकावाच लागतो. साइटवर ज्याला सगळे ‘मक’ म्हणतात, तो ढीग ओढ्याच्या काठी पडला तर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या भातखाचरांत उतरतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पट्ट्यात ढिगाचा उतार, त्याचा पायथा आणि पाण्याची वाट यांचे आरेखन इमारतीच्या दर्शनी भागाइतक्याच काळजीने व्हायला हवे. तुझ्या संचात त्याचा एकही नकाशा नाही. ते काम ठेकेदाराचे, असे कुणी म्हणेल, पण तू ते मानू नयेस.

आरेखनात बांधकामाची पद्धतही येते. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा नेला आणि १३ मार्च १९९९ रोजी शेवटचा कातळ स्फोटाने उडवून पाणी आत घेतले. ‘लेक टॅपिंग’ची ही निवड अभियंत्यांची होती, तरी काठावर काय उभारावे लागेल आणि काय टळेल, हे अशाच निर्णयांतून ठरते. म्हणून वास्तुकाराने जागा ठरण्यापूर्वीच बैठकीला बसावे. जागा ठरल्यानंतर बोलावलेल्या वास्तुकाराच्या हाती फार तर रंगच निवडायचे उरतात.

सड्यांबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांबद्दल, तर अधिकच सावध राहा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. एकेका खांबाच्या पायाला जागा थोडी लागते, त्यामुळे हा उद्योग जमिनीवर हलका वाटतो. परंतु तिथल्या अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर इतर भागाच्या जवळपास चौथ्या हिश्शावर आलेला दिसला. परिणामी गळ्याला निळा-केशरी पंखा असलेल्या सरड्यांची दाटी वाढली, आणि खाण्यासाठीची चढाओढ वाढल्याने ते कृशही आढळले. हे कोणत्याही दर्शनी आराखड्यात उमटले नसते. पायाचे क्षेत्रफळ मोजून परिणाम मोजला, असे समजणारे अहवाल माझ्या वाचनात वारंवार येतात. त्यांवर विसंबू नकोस.

आता तुझ्या इमारतीकडे वळतो. गवताचे छत काढून टाक. सड्यावरची पातळ माती आणि हंगामी वनस्पती छतावर तगतील याची खात्री नाही, आणि पावसात सतत भिजणारा तो थर गळतीला निमंत्रण देईल. त्याऐवजी उतरते छप्पर, रुंद वळचणी आणि उंच जोते घे. दगडी आच्छादनासाठी नवी खाण उघडणार असाल तर ते नको. बोगद्यातलाच दगड वापरता येतो का, हे प्रयोगशाळेतून तपासून घे. रात्रीचे दिवे वरून झाकलेले, कमी उंचीवर आणि पिवळसर ठेव. स्विचयार्डाचे, म्हणजे तयार वीज वाहिन्यांवर चढवणाऱ्या उघड्या आवाराचे, कुंपण आणि मनोरे लपवता येणार नाहीत. ते लपवण्याच्या नादात झाडी तोडून भराव करण्यापेक्षा उघडेच असू देत. पोहोचरस्ता मात्र सगळ्यात आधी आखून घे, कारण डोंगर कापून केलेला रस्ता झऱ्यांची वाट तोडतो आणि त्या झऱ्यांवर पाणीपुरवठा अवलंबून असलेल्या वाड्या पुढे असतात.

पुढील बैठकीपूर्वी प्रकल्प अधिकाऱ्यांकडून मक टाकण्याच्या जागा, तात्पुरत्या कामगार वसाहती आणि पोहोचरस्ते एकाच पत्रकावर दाखवणारा नकाशा मागून घे, आणि त्यावर जुलैत पाहिलेले ओढे स्वतः रेखाटून मला पाठव.

कळावे.