एलएचचा आकडा वाचण्याआधी पाळीची तारीख बघा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 29. पाळी 34 ते 37 दिवसांनी येते. आम्हाला आता मूल हवंय, म्हणून बहिणीच्या सांगण्यावरून मी स्वतःच लॅबमध्ये जाऊन एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन तपासून घेतले. पाळीचा 21वा दिवस होता. एलएच 34 आला, एफएसएच 11. रिपोर्टवर पहिल्याच ओळीत एलएच 2 ते 12 असावा असं छापलंय. एलएच एफएसएचच्या तिप्पट म्हणजे पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनशी संबंधित विकार), असं वाचलं आणि झोप उडाली. रक्त दिल्यावर 15 दिवसांनी पाळी आली. चेहऱ्यावर केस, मुरुमं काही नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत. आता काय करू?

उत्तर : ‘15 दिवसांनी पाळी आली’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

एलएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि एरवी रक्तात थोडंच असतं. अंडाशयातलं बीज पक्व होत आलं की वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे ते एकदम उसळतं. ही उसळी सुरू झाल्यापासून साधारण 36 तासांत बीज बाहेर पडतं आणि गर्भ राहिला नाही तर पुढच्या दोनेक आठवड्यांत पाळी येते. आता तुमच्या तारखा लावून बघा. 21व्या दिवशी एलएच 34, बीज वाढवणारं एफएसएचही थोडं वर, आणि 15 दिवसांनी पाळी. बहुधा तुमचं रक्त नेमकं त्या उसळीतच घेतलं गेलं. म्हणजे ज्या आकड्याने तुमची झोप उडवली, तो बीज तयार होत असल्याची खूण असण्याची शक्यता जास्त. रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. त्या पहिल्या ओळीखाली ‘मिड सायकल’ अशी ओळ असेल आणि तिथली मर्यादा कितीतरी मोठी असेल. महिन्याचा मध्य म्हणजे 14वा दिवस, हे 28 दिवसांच्या पाळीचं गणित. पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा बीज पिकण्याचा पहिला टप्पाच लांबलेला असतो. पाळीची तारीख न विचारता रक्त काढतात आणि फॉर्मवरची ती जागा कोरी राहते, याचा मला खरोखर राग येतो. तारखेशिवाय हा आकडा वाचताच येत नाही.

पीसीओएसचं म्हणाल, तर एलएच-एफएसएचच्या प्रमाणावर ते ठरत नाही. पीसीओएस ओळखायला वापरतात त्या 2003च्या रॉटरडॅम निकषांत हे प्रमाण नाहीच. अनियमित बीजनिर्मिती, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं अंडाशयाचं चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. शिवाय थायरॉइडचा बिघाड किंवा प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचं हार्मोन) वाढणं अशी इतर कारणं आधी वगळावी लागतात. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण एवढ्यावर तुम्हाला पीसीओएस आहे असं कुणी म्हणू नये.

तपासणी पुन्हा करा, पण पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. एलएच, एफएसएच, इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचाच प्रकार), प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडसाठीचं टीएसएच एकत्र द्या. एलएचसाठी उपाशी राहायची गरज नाही. बायोटिन मात्र डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांच्या तपासणीत त्यामुळे एलएच असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि टीएसएचही चुकतं. बीज खरंच बाहेर पडतं का, हे बघायला, बीज बाहेर पडल्यावर वाढणारं प्रोजेस्टेरॉन तपासतात. ते पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत 28व्या-29व्या दिवसाच्या सुमारास. ‘डे 21’ असं चिठ्ठीवर सरसकट लिहिलेलं असलं, तर तुमची पाळी किती दिवसांची आहे ते तिथेच सांगा.

प्रश्न : मी पुरुष आहे. मला एलएच तपासायला सांगितलंय. हा बायकांचा हार्मोन ना?

उत्तर : दोघांचाही. पुरुषात तो वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतो. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर दोष वृषणात असतो. दोन्ही कमी असतील तर पिट्युटरीकडे किंवा तिच्या वरच्या केंद्राकडे बघावं लागतं. म्हणून एकटा एलएच तपासून उपयोग नाही, सोबत टेस्टोस्टेरॉन हवं, आणि तेही सकाळी घेतलेल्या रक्तातलं. मूल होत नाही म्हणून तपासणी चालली असेल, तर वीर्यतपासणी झाली आहे का ते आधी विचारा. ती साधी तपासणी राहून गेलेली मी फार वेळा बघते.