तबकडी पुसू नकोस

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेफ्लॉनमध्ये अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी) घातलेल्या तुझ्या पिना, म्हणजे फिरत्या पोलादी तबकडीवर दाबून घासायच्या काड्या, एप्रिलमध्ये भराभर झिजल्या, त्याच मिश्रणाच्या पिना जुलैमध्ये जेमतेम झिजल्या. आता जुलैचे आकडे गाळू का, असं विचारतेस. गाळलेस तर मला प्रबंध दाखवायला आणू नकोस.

घासताना काय होतं ते बघ. टेफ्लॉनवर कशाचा म्हणजे कशाचा परिणाम होत नाही, हे 1938 मध्ये ते सापडलं तेव्हापासून सगळे घोकत आलेत. बाटलीत ठेवलं तर खरंच होत नाही. पण पोलादावर घासताना त्याच्या साखळ्या तुटतात. तुटल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला की तिथे कार्बॉक्सिलिक आम्लाचे गट तयार होतात आणि ते धातूला धरून बसतात. तबकडीवर पातळ तपकिरी थर चढतो. पुढे पिन त्या थरावर घसरते. कोरड्या नायट्रोजनमध्ये हेच करून बघ, झीज वाढेल. पुण्याचा एप्रिल आणि पुण्याचा जुलै! तुझे आकडे चुकलेले नाहीत गं, ते बोलतायत.

आणि तू काय करतेस? दर वेळी पिन वजनाला काढलीस की अ‍ॅसिटोनच्या फडक्याने तबकडी चकाचक. बिडाचा तवा रोज राखेने घासून कोरा केलास तर घावन सुटेल का? ही स्वच्छता तुला शिकवली कुणी? बहुतेक मीच.

माझंही ऐक. एका कारखान्यातल्या गरम कॉस्टिक सोड्याच्या पंपाला मी 25 टक्के काचतंतू घातलेल्या टेफ्लॉनचा बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची नळी, सुचवला होता. कोरडी झीज मोजली, उत्तम. तुकडा कॉस्टिकमध्ये बुडवून ठेवला, वजन हललं नाही; तेही उत्तम. बुश दीड महिन्यात खलास. बुडवलेल्या तुकड्यात काच टेफ्लॉनच्या पांघरुणाखाली होती. शाफ्टवर दर फेऱ्याला ती नव्याने उघडी पडायची आणि कॉस्टिक तिला खायचं. घासताना बघितलंच नव्हतं मी. द्रवात घासायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं, सगळे असंच करायचे, अहवालावर तिघांच्या सह्या होत्या... असू दे. पिनेभोवती एक वाटी बसवून कॉस्टिक ओतायला काय लागलं असतं?

वहीत आर्द्रता लिहिली आहेस ना? नसशील तर त्या दिवसांच्या नोंदी वेधशाळेतून आण. खोलीतल्या नसल्या तरी चालतील. मग यंत्रावर काचेची पेटी बसव. एकदा आत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेव, एकदा मिठाचं संपृक्त द्रावण. ते 75 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतं. मध्ये पिन काढू नकोस, वजन शेवटी एकदाच.

दोन्ही तबकड्या घेऊन रविवारी ये. न पुसता.

तुझा,
सर