तक्रार कोण नोंदवतो, कोण टाळतो?

प्रश्न : आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंचा मोबाइल चोरीला गेला. तक्रार नोंदवा, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. पण ‘नको ताई, फोन गेला तो गेला, वर आणखी लचांड नको,’ एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला. माझी पर्स हरवली होती तेव्हा मला पोलीस ठाण्यात काहीच त्रास झाला नव्हता. ही भीती अज्ञानातून येते का?

उत्तर : अज्ञानातून नव्हे, हिशेबातून येते. आपल्याला त्रास झाला नाही हे खरेच असणार; पण आपल्याला बसायला खुर्ची मिळाली असेल, आपले बोलणे मध्येच न तोडता ऐकून घेतले गेले असेल आणि समोरच्या माणसाने आपल्याला ‘अहो’च म्हटले असेल. त्याच टेबलापुढे बाई उभ्या राहिल्या, तर पहिलाच प्रश्न अरेतुरेत येईल आणि तो ‘फोन तुझाच कशावरून? पावती कुठे आहे?’ असा असेल, अशी त्यांची अटकळ आहे. जुना, वापरलेला फोन घेणाऱ्याकडे पावती बहुधा नसते. म्हणजे फिर्याद द्यायला गेलेल्याला आधी आपण चोर नाही हे पटवून द्यावे लागते. शिवाय त्या दिवशी कामाचा खाडा होतो, पुन्हा बोलावणे आले तर पुन्हा खाडा होतो. आणि चोर त्यांच्याच वस्तीतला निघाला तर? पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटल्यावरही बाईंना त्याच्या घरच्यांच्या शेजारीच राहायचे असते. अर्थात, प्रत्येक ठाण्यात असेच वागवले जाते असे मुळीच नाही. परंतु एकदा आलेला, किंवा शेजारणीला आलेला, असा अनुभव पुढची कित्येक वर्षे पुरतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८०च्या दशकात शिकागोमधील नागरिकांना पोलीस आणि न्यायालय यांच्याशी आलेल्या संबंधांविषयी विचारले होते. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही, यापेक्षा आपल्याला बाजू मांडू दिली का आणि माणुसकीने वागवले का, यावर लोकांचा विश्वास अधिक अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. याला माझी एक पुस्ती जोडतो. सुस्थितीतल्या माणसाचा या यंत्रणेवरचा विश्वास पुष्कळदा कसोटीला लागलेलाच नसतो, कारण तिच्याशी त्याची गाठ क्वचित पडते आणि पडली तरी ओळखीचा वकील एका फोनच्या अंतरावर असतो. त्या विश्वासावरून इतरांच्या अविश्वासाला भित्रेपणा ठरवणे बरोबर नाही.

प्रश्न : ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे तर श्रीमंतही म्हणतात. मग यात वर्गाचा प्रश्न कुठे आला?

उत्तर : म्हणतात खरे, पण दोघांची पायरी सारख्या उंचीची नसते. अमेरिकी अभ्यासक मार्क गॅलंटर यांनी १९७४ साली एका लेखात पक्षकारांचे दोन प्रकार सांगितले. बँका, विमा कंपन्या, मोठे घरमालक हे वारंवार न्यायालयात येतात. त्यांना तिथले वकील आणि कामाची रीत माहीत असते, कोणता दावा तडजोडीत मिटवायचा आणि कोणता शेवटपर्यंत लढवायचा हे त्यांना ठरवता येते आणि एखादा दावा हरल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. आयुष्यात एकदाच तिथे येणाऱ्या भाडेकरूचे किंवा कामगाराचे मात्र सर्वस्व त्या एका दाव्यावर लागलेले असते आणि पुढची तारीख पडली की ती त्याला एकट्यालाच महाग पडते.

ज्याच्यापुढे निवड नाही त्याची गोष्ट आणखी वेगळी. १९७८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका गवंड्याचे प्रकरण आले होते. जामिनावर सोडण्याचा आदेश होऊनही तो तुरुंगातच राहिला, कारण खालच्या न्यायालयाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अडवणूक चुकीची ठरवून त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले. न्याय मिळाला खरा, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर.

संख्येवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी ब्रिटनचे उदाहरणही पाहावे. तिथे २०१३ साली नोकरीविषयक तंट्यांच्या न्यायाधिकरणात शुल्क लागू झाले आणि दाव्यांची संख्या सुमारे दोन-तृतीयांशांनी घटली. मालक एकाएकी सज्जन झाले, असे कोणी म्हणणार नाही. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे शुल्क बेकायदा ठरवले. एखाद्या ठाण्यात तक्रारी कमी येतात म्हणून तिथले लोक निर्धास्त आहेत, हे अनुमानही तितकेच कच्चे असते.

प्रश्न : मग मी बाईंसोबत ठाण्यात जावे का? (पहिल्याच वाचक पुढे विचारतात.)

उत्तर : त्या हो म्हणाल्या तर अवश्य जावे, मात्र बोलू त्यांना द्यावे. आपण शेजारी असल्याने त्यांना खुर्ची मिळेल, पण सगळे आपणच बोललात तर पुढच्या वेळीही त्यांना आपलीच सोबत लागेल. तक्रारीची प्रत त्यांच्याच हाती पडेल हे पाहावे. फोनच्या खोक्यावरचा पंधरा आकडी ओळख क्रमांक सापडला तर तो जवळ ठेवावा. पावती नसताना तो उपयोगी पडतो. त्या नाहीच म्हणाल्या तर आग्रह धरू नये, कारण खाडा त्यांचा होणार आहे आणि वस्तीत राहायचेही त्यांनाच आहे. त्यांच्या संमतीने सिमकार्ड बंद करून घेणे आणि त्या क्रमांकाला जोडलेल्या खात्याबद्दल बँकेला कळवणे, ही दोन कामे मात्र आजच उरकून टाकावीत. त्यांसाठी ठाण्याच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.