आजोबांच्या .३०३ रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तोंडाशी तडकल्यात, मुंबईच्या दमट हवेमुळे का?

नुसत्या दमटपणाने नाही. पितळ घडवताना आत कोंडलेला ताण आणि अमोनिया, दोन्ही जमले की पुंगळीची मान (तोंडाजवळचा अरुंद भाग) तडकते. धातुशास्त्रात याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. ब्रिटिश फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की अशीच फुटायची, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने! कारण पक्कं कळलं १९२१ साली. उपाय म्हणजे मान तापवून ताण घालवणं. लष्करी पुंगळीवर दिसणारा निळसर-तपकिरी डाग त्याचाच, तो घासू नका. अमोनियावालं क्लीनरही नको. मात्र तडकलेली पुंगळी तापवून सांधत नाही, आणि तापून बूड मऊ पडलं तर ते दाब सोसत नाही. पुंगळीत पुन्हा दारू-गोळी भरायचा विचार असेल तर सोडा: परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.