सहायक प्रशिक्षक व्हायचंय? आधी स्काउटिंगवर हात बसवा

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये शिरकाव बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिक्षण घेत संघाला मदत करणारा) किंवा व्हिडिओ को-ऑर्डिनेटर म्हणून होतो. पगार तुटपुंजा, काम रात्री उशिरापर्यंत. तरी घ्याच, स्काउटिंगवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या अभ्यासावर, हात तिथेच बसतो.

प्रतिस्पर्ध्यांचे ताजे चार-पाच सामने पूर्ण पाहा, नुसत्या क्लिपा नकोत. टाइमआउटनंतर आणि बेसलाइनवरून चेंडू आत घेताना ते काय खेळतात ते वेगळं लिहा. आपल्या मुलींना मात्र दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त व्हिडिओ दाखवू नका. प्रत्येक प्रतिस्पर्धी खेळाडूबद्दल दोनच ओळी: कोणत्या हाताने ड्राइव्ह करते (चेंडू घेऊन बास्केटकडे घुसते), शॉट कुठून घेते. पानभर माहिती दिली की मुली कोर्टवर आठवत बसतात आणि बचावात अर्धं पाऊल मागे पडतात.

बाकावर फाउलचा हिशेब तुमच्याकडे. 2015-16 पासून महिलांचे सामने दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचे आहेत. संघाचे फाउल दर क्वार्टरला शून्यावर येतात, पाचव्यापासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो. पुरुषांच्या दोन भागांच्या खेळातून आलेले इथेच गडबडतात.

रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे नव्या खेळाडू संघात आणताना, कोणाला कधी फोन करायचा याचे नियम बदलत राहतात; शंका आली की आधी कॉलेजचं नियमपालन बघणारं कम्प्लायन्स ऑफिस, मग फोन. आणि आईवडिलांइतकंच मुलीशीही थेट बोला, खेळायचं तिला आहे.

हेड कोच होण्याची घाई नको. सहयोगी हेड कोच क्रिस डेली 1985 पासून कनेक्टिकट विद्यापीठात हेड कोच जेनो ऑरिएमा यांच्यासोबत आहेत, आणि तिथला संघ दोघांनी मिळून उभा केलाय.