घरी दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत. दोन चार्जर बसवावेत की एकावर भागेल?

चार्जर किती हे नंतर बघू. आधी भिंतीतली वायर किती जाडीची आहे ते सांगा.

आमच्याकडे पहिली गाडी आली तेव्हा मेहुणा म्हणाला, "१६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर चालतो, मग गाडीला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, गीझर पाणी तापलं की बंद होतो, गाडी तासन् तास ओढते. पण घरात वायरिंगमधलं कळणारा तो, माझं कोण ऐकतो! काही महिने सुरळीत गेले आणि भेटला की मला टोमणे.

मग दुसरी गाडी आली. पठ्ठ्याने त्याच वायरवर पुढे लूप मारून दुसरं सॉकेट काढलं. दोन्ही गाड्या लावल्या की एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडायचा. पडणारच! तर याने १६चा काढून ३२चा टाकला. वायर तीच, अडीच चौरस एमएमची. अहो, एमसीबी वायर वाचवायला असतो.

एका रात्री जळकट वास आला. पहिलं सॉकेट काळं पडून मऊ झालेलं, आणि एमसीबी मात्र मजेत चालू. लूपमुळे दोन्ही गाड्यांचा करंट पहिल्या सॉकेटच्या टर्मिनलमधून जात होता. तिथला स्क्रू जरासा सैल. ३० अँपिअरला नुसता ०.०३ ओहमचा रोध असला तरी त्या एका ठिपक्यावर २७ वॅट उष्णता होते. म्हणजे भिंतीत एक छोटं सोल्डरिंग आयर्न रात्रभर तापत ठेवल्यासारखं.

तुमच्या प्रश्नाबद्दल: ७.४ किलोवॅटचे दोन चार्जर एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालवायचा हट्ट धरू नका. सिंगल फेजवर ते ६४ अँपिअर होतात, बहुतेक घरांना झेपत नाहीत आणि गरजही नसते. दिवसाला ४० किलोमीटर चालणारी गाडी साधारण ६-७ युनिट खाते. एका चार्जरच्या ताकदीने दोन्ही मिळून साधारण दोन तासांचं काम, रात्र केवढी मोठी! मीटरपासून स्वतंत्र ३२ अँपिअरची लाइन, ६ चौरस एमएमची तांब्याची वायर आणि लोड शेअरिंग असलेले दोन चार्जर. एक गाडी भरली की सगळा करंट दुसरीला. प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, फक्त एसी करंटची गळती ओळखणारा एसी टाइपचा नको, निदान ए टाइपचा. एक्स्टेंशन बोर्ड कदापि नाही.

हां, दोन्ही गाड्या रोज दोनशे किलोमीटर पळत असतील किंवा थ्री फेज असेल तर गणित वेगळं. वायर लांबून आणायची असेल तर जाडी वाढवावी लागेल. मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो का, तेही आधी बघा.

ते काळं सॉकेट मी अजून खणात ठेवलंय. मेहुणा म्हणतो, "माल हलका होता." आणला त्यानेच होता.