वडिलांचं बीपी १७०/१०० असतं, पण त्रास काहीच नाही. गोळी बंद केली तर चालेल का?

नाही. त्रास नाही हीच तर खरी पंचाईत. आतल्या आत रक्तवाहिन्या कडक होत असतात. मेंदूतली एखादी फुटली किंवा तुंबली की अर्धांगवायू. हृदयावर ताण येतो, डोळ्यांचा पडदाही खराब होतो. मूत्रपिंडाचं तर फार उशिरा कळतं: लघवीला फेस, पायांवर सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करतंय का, ते यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासून घ्या. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आपल्या सोलापुरात कडक भाकरीवर शेंगाचटणी रोजचीच, पण तिच्यातलं मीठ कुणी मोजत नाही! दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर लगेच १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.